तिथीची पाऊणपट

आजोबांचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा. "आज तिथी कुठली?"

उपासतापासासाठी ते विचारत नसत. तिथी कळली की ते मनातल्या मनात तिची पाऊणपट करायचे आणि त्या दिवशी समुद्र किती वाजता भरणार ते आजीला सांगून वाडीत रहाट जुंपायला जायचे. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकरा ते बारा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांवर सुकती, सुकतीनंतर सहा तासांवर पुन्हा भरती. पंधरावीस मिनिटं इकडेतिकडे होतात, कधी जास्तही, पण तेवढी सवड आजोबा नेहमीच ठेवून असत.

शाळेत आम्हाला पाऊणकी पाठ करायला लावत तेव्हा तिचा उपयोग काय, असं वाटायचं. मोठेपणी कळलं की चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि पाऊण तास म्हणजे जवळपास तेवढंच. ज्याने कुणी हा हिशेब पहिल्यांदा बसवला त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना, आगऱ्यांना, वाडीवाल्यांना तो आईच्या भाषेसारखा येत होता.

आमचं गाव नागाव, अलिबागच्या दक्षिणेला. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरून जातं. माझ्या लहानपणी गावात नारळ-पोफळींच्या वाड्या, विहिरींवरचे रहाट आणि सुरूच्या बनापलीकडे लांबच लांब पुळण, एवढंच होतं. नागावहून आक्षीपर्यंत पुळण सलग आहे. पावसाळ्यात आतल्या रस्त्याला चिखल झाला की आजोबा खटारा पुळणीवरून घालायचे. तेव्हा पुळण म्हणजे फिरायची जागा नव्हती, रस्ता होता. फक्त तो रस्ता दिवसातून दोनदा मोकळा व्हायचा आणि दोनदा बुडायचा.

खटाऱ्याच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली असते. डांबरी रस्त्यावर ती खणखणत जाते, पण कोरड्या वाळूत विळ्यासारखी खाली उतरते. म्हणून पुळणीवरून जायचं तर माल निम्मा. नारळाची सहा पोती असली तर तीन आज, तीन उद्या. आणि चालायचं ते ओल्या, घट्ट पट्ट्यावरून. आदल्या भरतीने शेवाळ, शिंपले, समुद्रफेण टाकून जी रेघ मारलेली असते ती आणि पाण्याची कड यांच्या मधला हा पट्टा. रेघेच्या वर वाळू कोरडी आणि भुसभुशीत, पाण्याच्या अगदी कडेला ती पातळ. मधेच काय तो भरवसा.

तो भरवसाही आजोबा डोळे मिटून ठेवत नसत. नवी जागा आली की बैल थांबवून खाली उतरायचे, चप्पल काढायचे आणि टाच वाळूत दाबायचे. टाचेभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी झाली तर पुढे. टाचेखालून पाणी वर आलं, वाळू थरथरली, तर ती जागा सोडून वळसा. मला हे जादूसारखं वाटायचं. पुढे पदार्थविज्ञान शिकवताना त्याचं कारण वाचलं. घट्ट बसलेल्या कणांवर भार आला की ते एकमेकांवर चढून फाकतात, मधल्या पोकळ्या वाढतात आणि वरचं पाणी आत ओढलं जातं, म्हणून टाचेभोवती वाळू सुकल्यासारखी दिसते. सैल वाळूत उलट होतं. कण दबतात, पाण्याला जागा उरत नाही, सगळा भार पाण्यावर येतो आणि वाळू वाळू राहत नाही, लापशी होते. आजोबांना हे शब्द ठाऊक नव्हते. टाचेला ठाऊक होतं.

या वाटेवरून चाकं आणि खूर किती शतकं चालले असतील याचा अंदाज आक्षीला येतो. तिथे शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. माझ्या लहानपणी तो रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता आणि आजोबा त्याच्याजवळ खटारा थांबवून पाणी प्यायचे. दगडाच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. दानपत्रात त्यांचा अर्थ 'चंद्रसूर्य असेतो' असा. आजोबा मात्र म्हणायचे, "हे दोघं एका रेषेत आले की उधाण, आडवे गेले की भांग. दगडावरसुद्धा लिहून ठेवलंय." अवस-पुनवेला पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार दोन्ही कमी, तो भांग. लेख कोरणाऱ्याच्या मनात समुद्र नसेलही. पण समुद्रकाठच्या माणसाने चंद्र-सूर्याकडे पाहून समुद्र आठवावा, यात मला काही चूक दिसत नाही.

पुढे चौल-रेवदंडा. अरबी घोडे गलबतांतून इथे उतरत. १४६९च्या सुमाराला अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून चौलला आला तो एक घोडा घेऊनच. रेवदंड्यात त्याच्या नावाचा स्मारकस्तंभ आहे. वाळवंटातल्या वाळूवर वाढलेल्या जनावरांचे खूर पहिल्यांदा आमच्या वाळूवर उमटले असतील तेव्हा त्यांना ती परकी वाटली असेल का, असं मला लहानपणी वाटायचं. त्या दोन वाळूंची गाठ पुढे माझ्यासमोरच पडली. ती गोष्ट सांगायचीच आहे. पण आधी कुलाब्याचा किल्ला.

अलिबागच्या समोर, भर समुद्रातल्या खडकावर हा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये काम सुरू करवलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, लाटेचा जोर मोडतो आणि भिंत उभी राहते. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. ही लढाई आजोबा अशी सांगायचे जणू त्यांनी ती सुरूच्या बनातून पाहिली होती. त्यांच्या सांगण्यात तोफा कमी आणि पाणी जास्त असे. "ज्याला सुकती ठाऊक नाही त्याने कुलाब्याला हात लावू नये," असं त्यांचं मत.

सुकतीला किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतची वाट उघडी पडते. माणसं घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या पाण्यातून चालत जातात, घोडागाड्या जातात. किल्ल्यात रघुजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. माघी गणेशजयंतीला आजोबांचा खटारा तिथे जायचा, नारळ, पत्रावळी आणि पाण्याचे हंडे घेऊन. चतुर्थीची भरती तीनला, म्हणजे सुकती सकाळी नऊला. आजोबा साडेसातला वाळूत उतरायचे, पाणी ओसरत असताना, म्हणजे पुढची प्रत्येक घटका आपल्या बाजूची. साडेदहाला काहीही झालं तरी बैल परतीला जुंपलेले. आरती राहिली, प्रसाद राहिला, कुणी ओळखीचं भेटलं, तरी थांबणं नाही. एकदा गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ "पाच मिनिटं थांब" म्हणाले. आजोबांनी त्यांना किल्ल्यात ठेवून खटारा काढला. ते गृहस्थ रात्री नवाच्या सुकतीला कंदील घेऊन परतले आणि पुढे दोन वर्षं आमच्याकडे बोलत नव्हते. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र अजूनही तो गणपती चतुर्थीचा आणि चतुर्थीची वाट सकाळची, हा योग फार सुंदर वाटतो. दर चतुर्थीला, मग ती विनायकी असो की संकष्टी, देवाकडे जाणारी वाट सकाळी नऊच्या सुमाराला उघडते.

आजोबांच्या या कडकपणाचं कारण आजीने मला पुष्कळ उशिरा सांगितलं. १७ जुलै १९४७. गटारीची अवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सणाला घरी पोचायच्या घाईने निघालेली माणसं होती ती. आमच्या आळीतले दोन तरणे त्यात होते. आजोबा आठवडाभर रेवस-मांडव्याच्या किनाऱ्याने फिरत होते, हातात काठी आणि खांद्यावर धोतरं, सापडतील त्यांच्यावर घालायला. त्यानंतर घरात 'घाई' हा शब्द त्यांना चालत नसे. पाण्याशी संबंध असलेल्या कामात तर मुळीच नाही.

आणि तरीही १९८६च्या डिसेंबरात मी त्यांच्याच पुळणीवर जीप रुतवली.

दत्तजयंती दोन दिवसांवर होती, चौलच्या दत्ताच्या जत्रेची गडबड सुरू झालेली. कॉलेजचे चार मित्र मुंबईहून आले होते, त्यातल्या एकाच्या काकांची जीप घेऊन. ही पुढची दोन्ही चाकंही फिरवते, कुठेही जाते, असं तो सांगत होता. साडेपाचला आम्ही पुळणीवर उतरलो. सूर्य खाली आलेला, वाळू तांबूस, समोर मैलभर मोकळं. मीही ओरडत होतो. पाण्याच्या कडेकडेने गेलो तर तुषार उडतात म्हणून मित्राने जीप खाली घेतली आणि फोटोसाठी थांबवली. थांबवली तिथेच चुकलं. लाट येऊन परतली की चाकाभोवतीची वाळू घेऊन जाते. दोन फोटो होईपर्यंत चार लाटा येऊन गेल्या होत्या. मित्राने गाडी गिअरमध्ये टाकून रेटली, चाकं जागच्या जागी गरगरली, आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर जीप बोट बोट खाली गेली. मग तिचं पोटच वाळूवर टेकलं. चाकं फिरत होती आणि भार सगळा पोटावर.

तिथी त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे सुकती पावणेचारलाच झाली होती आणि पाणी दोन तास चढत होतं. मला पाऊणकी येत होती. मी ती त्या दिवशी केली नव्हती, एवढंच.

पाणी सहा तासांत भरतं ते एका चालीने नव्हे. सगळ्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक असं साधारण प्रमाण पडतं. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. माणूस फसतो तो इथेच. पहिल्या तासात पाणी हललेलंच दिसत नाही, दुसऱ्यात 'अजून वेळ आहे' वाटतं, आणि तिसऱ्यात ते चालत्या माणसासारखं येतं. आमच्याकडे उधाणाला पाण्याचा चढ पंधरा फुटांच्या आसपास जातो, आणि पुळण सपाट असल्याने तेवढ्या चढात पाणी शेकडो पावलं आत येतं. आम्ही तिसऱ्या तासात शिरत होतो.

मी घराकडे धावलो. आजोबा ओसरीवर होते आणि त्यांच्याबरोबर चाचा. चाचा म्हणजे वडिलांचे जिवलग दोस्त, मूळचे म्हसळ्याचे. १९७६ साली 'द्वारका' बोटीने मस्कतला गेले आणि ओमानच्या वाळवंटात सर्वेक्षणाच्या गाड्या चालवू लागले. दोन वर्षांनी सुट्टी मिळायची, त्यातले दोन दिवस आमच्याकडे. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष तेव्हा आखातात होते. ते गावी आले की अत्तर, टेप आणि वाळूच्या गोष्टी आणायचे.

आजोबांनी मला एकच विचारलं. "माणसं कुठे आहेत?"

"गाडीपाशी, आजोबा. ढकलतायत."

"गाडी राहू दे. आधी माणसं वर काढ. सगळी. मोजून."

ते बैल सोडायला गेले. चाचांनी ओसरीवरचं घोंगडं उचललं आणि वाडीतून नारळीच्या झावळ्या ओढत माझ्याबरोबर निघाले. बनातून बाहेर आलो तेव्हा पाणी मागच्या चाकाच्या मध्यावर होतं. चाचांनी जीप चालवणाऱ्याला हाताने इंजिन बंद करायला सांगितलं, पाण्यात गुडघे टेकले आणि गाडीच्या किल्लीने एकेका चाकाची हवा सोडायला लागले. मित्र घाबरून म्हणाला, "अहो, आता टायर बसले तर जाणार कशी?" चाचा काही बोलले नाहीत. चाक खालून पसरट होईपर्यंत फुस्स आवाज चालू होता. मग दोन्ही हातांनी चाकांपुढची वाळू उपसली, पोटाखालची उपसली आणि झावळ्यांचा जाड दांडा आडवा येईल अशा त्या चाकांखाली सारल्या.

आजोबा बैल घेऊन पोचले. दोर कुणीतरी पुढच्या बंपरला बांधला होता. चाचांनी तो सोडून खाली, चौकटीच्या लोखंडाला बांधला. ताणलेल्या दोरावर मधोमध ओलं घोंगडं टाकलं आणि आम्हा सगळ्यांना दोराच्या लांबीहून लांब उभं केलं. "भाई, हे घोंगडं कशाला?" आजोबांनी विचारलं. "बाबा, दोर तुटला तर चाबकासारखा येतो. तिकडे तारेने माणसाचा पाय गेलेला पाहिलाय. घोंगडं त्याला खाली पाडतं."

बैलांनी ओढलं. झटका नाही, हिसका नाही. बैलाचा खूर दुभंगलेला, तो वाळूत पसरतो आणि गरगरत नाही. चाचांनी दुसऱ्या गिअरात अगदी हलकेच क्लच सोडला. जीप थरथरली, झावळ्या मोडल्याचा आवाज झाला, आणि ती वर आली. सुरूच्या बनात पोचलो तेव्हा सात वाजत होते आणि आम्ही जिथे फोटो काढले होते तिथे लाटा फुटत होत्या.

त्या रात्री ओसरीवर त्या दोघांचं जे बोलणं झालं ते मी आयुष्यभर जपलं आहे. आजोबा फारसे कुणाकडून काही शिकून घेत नसत. त्या रात्री ते चाचांना विचारत राहिले.

चाचा म्हणाले, वाळूत जोर कामाचा नाही, पसरणं कामाचं. रस्त्यावर टायरात तीस-पस्तीस पौंड हवा लागते. वाळूत ती पंधरा-अठरावर आणायची. चाक मऊ झालं की त्याचा ठसा लांबतो, भार जास्त जागेवर वाटला जातो, उंटाच्या तळव्यासारखा. पण डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर मऊ टायर वेगात तापून फुटतो. वाळूत ब्रेक मारायचा नाही, गाडी आपोआप थांबू द्यायची, कारण ब्रेकने चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो. थांबायचं तर उतारावर, तोंड खाली करून. टेकडी चढायची आणि उतरायची ती सरळ. आडवी घातली की गाडी लोळते. ज्या अंगाने वारा येतो ती बाजू घट्ट, पलीकडची भुसभुशीत आणि कड्यासारखी. माथ्यापलीकडे काय आहे ते उतरून, चालत जाऊन पाहायचं. चाकं एकदा गरगरली की पाय काढायचा. दुसऱ्यांदा रेटणारा स्वतःच खड्डा खणतो.

"आणि एकटं जायचं नाही," ते म्हणाले. नेहमी दोन गाड्या. कुठे चाललो, कधी परतणार, हे मागे कुणालातरी सांगून. त्यांच्याबरोबरचा एक चालक एकदा एकटाच निघाला, गाडी रुतली, आणि रात्री लांबवर दिवे दिसले म्हणून तो चालत सुटला. शोधायला गेलेल्यांना गाडी पहिल्याच सकाळी दिसली. आत पाण्याचे दोन कॅन भरलेले होते. तो तिसऱ्या दिवशी सापडला. "गाडी लांबून दिसते, बाबा. माणूस दिसत नाही. वाळवंटात गाडी सोडायची नाही."

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि इथे गाडी धरून बसायचं नाही."

दोघांनी माना हलवल्या. आजही मला वाटतं, त्या दोन वाळूंमधला सगळा फरक त्या दोन वाक्यांत होता. तिथे पाणी नाही म्हणून माणूस मरतो, इथे पाणी येतं म्हणून. तिथे गाडी आसरा, इथे सापळा.

मग चाचांनी सबख्याचं सांगितलं. समुद्राकडच्या वाळवंटात सपाट, पांढरी जमीन लागते. वर मिठाची कडक पापडी, दिसायला रस्त्यासारखी. गाडी शंभर हात जाते आणि पापडी फुटून खालच्या काळ्या चिखलात उतरते. पाऊस किंवा भरतीचं पाणी खाली मुरलेलं असतं. तिथे रुतलेली गाडी काढायला कधी कधी दिवस जातो. आजोबांचे डोळे चमकले. "अरे, हे तर आमचं खाजण!" खारेपाटातल्या बांधाबाहेरची जमीन उन्हाळ्यात अशीच तडकलेली, पांढरी दिसते आणि पाय टाकला की मांडीपर्यंत गिळते. आजोबा तिच्यावर पाऊल ठेवण्याआधी काठी खुपसत. चाचाही लोखंडी सळई खुपसत. हजार मैलांवरच्या दोन माणसांना एकच गोष्ट सुचली होती आणि त्या रात्रीपर्यंत दोघांना ते ठाऊक नव्हतं.

आता दोघंही नाहीत. खटारेही बहुतेक गेले. पुळण मात्र पुन्हा गाड्यांची झाली आहे.

२०२४च्या डिसेंबरअखेरीस रेवदंड्याच्या पुळणीवर एक फेरारी रुतली आणि तिथून चाललेल्या बैलगाडीने ती ओढून काढली. ती चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण ओढणाऱ्या बैलांचे पाय पाहताना त्रयोदशीची ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली. ती गाडी निघाली. दर हंगामात अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगरला एखादी गाडी निघत नाही. सकाळी फक्त टप दिसतं, मीठ इंजिनात शिरलेलं असतं आणि तेल पाण्यावर तरंगत असतं. मोठी चाकं आणि चारही चाकांना ताकद असलेल्या गाड्या घेऊन येणारी मुलं वाईट नाहीत. ती मीच आहेत, १९८६ सालची. जाहिरातीत गाडी वाळूवर उडताना त्यांनी पाहिलेली असते. त्या वाळूवर भरती येत नाही, एवढं कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलंमुली बुडाली. तिथे गाडीचा संबंध नव्हता. पण मुरूडची पुळण किती सपाट, किती शांत दिसते ते मी पाहिलं आहे. त्या दिवसानंतर सपाट पुळण सुरक्षित असते असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणखी एक जीव आहे ज्याचं त्या वाळूत घर असतं. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरच्या पुळणीवर थंडीच्या दिवसांत रात्री ऑलिव्ह रिडले कासवीण वर येते, हात-सव्वा हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू थापटून निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात, तळहातावर मावतील एवढी. त्यांना समुद्राकडे चालत जायचं असतं. टायरची चाकोरी आपल्याला घोट्याएवढी, त्यांना ती दरी. पिल्लू चाकोरीत पडलं की बाहेर निघायला धडपडत तिच्यातूनच किनाऱ्याला समांतर चालत राहतं, समुद्राकडे पोचत नाही. उजाडलं की कावळे, घारी. दिवेआगरला पहाटे एका चाकोरीत मी अशी तीन पिल्लं पाहिली. कासवमित्राने ती हलकेच उचलून ओल्या वाळूवर ठेवली, हातात घेऊन पाण्यात सोडली नाहीत. ते शेवटचं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. चौथं पिल्लू होतं, ते हललं नाही.

आणि मर्यादावेल. भरतीच्या सर्वांत वरच्या रेघेपाशी, सुरूच्या बनापलीकडे ही वेल वाळूवर पसरते, आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळी फुलं. तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. समुद्राने इथवर यावं आणि माणसाने इथवर जावं, अशी ती खूण आहे, म्हणून तिचं नाव तसं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा सुरूची बनं काड्यांसारखी मोडली, आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. वेल मात्र दोन पावसाळ्यांत पुन्हा पसरली. जिथे गाड्या उतरतात तिथे नाही पसरली. त्या जागी दर पावसाळ्यात समुद्र थोडा थोडा आत येतो आहे, मी वाडीच्या कुंपणापासून पावलं मोजतो.

पुळणीवर गाडी उतरवायला बंदी आहे, पोलीस गुन्हे नोंदवतात, गावागावांत फलक आहेत. ते योग्यच आहे आणि ते आणखी कडक व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे. आजोबांना पुळणीचा रस्ता लागत होता, आज आपल्याला तो लागत नाही. डांबरी रस्ता बनापर्यंत येतो. वाळूत गाडी चालवायची हौस असेल तर जैसलमेरला जा, तिथल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या, दोन गाड्या न्या, हवा कमी करा, पाणी भरपूर ठेवा. ती विद्या खरी आहे आणि शिकण्यासारखी आहे. ती भरतीच्या पाण्यात वापरायची नाही.

आमच्याकडे येणार असाल तर निघण्याआधी घरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहा आणि तिथीची पाऊणपट करा. गाडी मर्यादावेलीच्या, बनाच्याही अलीकडे लावा. किल्ल्यात जायचं असेल तर परतीची वेळ घोडागाडीवाल्याला विचारा आणि तो म्हणेल त्याच्या अर्धा तास आधी निघा. आणि चुकून कुणाची गाडी पाण्याच्या कडेला रुतलेली दिसली, तर दोर शोधण्याआधी आतली माणसं खाली उतरवा, मोजा, बनापर्यंत वर आणा आणि ११२ला फोन करा.